अंगणांतली शाळा

मार्च २०२० मध्यें महाराष्ट्रांतील शाळांना कुलुपें लागलीं, आणि लहान मुलांच्या शाळा त्यानंतर दीड वर्षाहून अधिक काळ पूर्ववत् उघडल्या नाहींत. साथीच्या भीतीनें मुलें घरांत बसलीं, आणि शिक्षणखातें, शिक्षक व पालक या तिघांपुढेंही एकच प्रश्न उभा राहिला : शाळा नसेल तेव्हां मुलानें शिकावें कोठें आणि कोणापासून? मुंबई-पुण्याच्या सुशिक्षित घरांनीं या प्रश्नाचें उत्तर यंत्रांत शोधलें. जेथें स्वतंत्र खोली, शिकलेले आईबाप आणि हाताशीं संगणक होता, तेथें तें कसेंबसें सांपडलेंही. परंतु हाच प्रश्न गडचिरोली जिल्ह्यांतील मुलचेरा तालुक्यांत नेऊन विचारला म्हणजे त्याचें सारें स्वरूपच पालटतें. आणि घर व शाळा यांच्या नात्याचा इतिहास ज्याला समजून घ्यावयाचा आहे, त्यानें तो तेथेंच विचारून पाहावा हें बरें.

मुलचेरा हा जुन्या चांदा जिल्ह्याच्या अरण्यप्रदेशांतला मुलूख. नागपूरकर भोंसल्यांचें राज्य १८५४ मध्यें इंग्रजांनीं खालसा केलें, १८६१ मध्यें मध्यप्रांत निर्माण झाला, आणि त्यांत हा चांदा जिल्हा होता. पुढें २६ ऑगस्ट १९८२ रोजीं त्यांतून गडचिरोली जिल्हा वेगळा निघाला. धानाच्या बांध्या, मोहाचीं झाडें आणि तेंदूचीं पानें यांवर येथील कुटुंबांचें वर्षाचें गणित चालतें. गोंड व माडिया हे येथील जुने रहिवासी. मराठी बोलणारे लोक झाडीपट्टींतील आपली झाडीबोली बोलतात, जिच्यांत पुस्तकांतला ‘ण’ सहज ‘न’ होतो. तेलंगण जवळ असल्यामुळें तेलुगूचा वावर आहे. शिवाय फाळणीनंतरच्या दशकांत पूर्व बंगालांतून देशोधडीला लागलेल्या कुटुंबांच्या वसाहती सरकारनें याच भागांत वसविल्या, त्यामुळें तालुक्यांतील अनेक गांवांत बंगाली ही घरची भाषा आहे. एकाच तालुक्यांत पाण्याला कोणी ‘पाणी’ म्हणतो, कोणी ‘जल’, कोणी ‘नीळ्ळु’, तर कोणी ‘येर’. शाळेच्या पुस्तकांत मात्र ‘पाणी’ हा एकच शब्द छापलेला असतो.

अशा ठिकाणीं ‘मुलाला घरीं शिकवा’ असें कोणी सांगितलें, तर दोन आक्षेप तत्काळ पुढें येतात. आई निरक्षर आहे, ती काय शिकवणार? आणि घरांत पुस्तक नाहीं, पाटी नाहीं, मग शिकवावयाचें कशानें? हे आक्षेप वरवर पाहतां बिनतोड वाटतात. पण मराठी मुलखांतील शिक्षणाचा गेल्या दोनशे वर्षांचा इतिहास चाळला, तर असें आढळतें कीं आपल्याकडील पुष्कळसें शिक्षण पुस्तकावांचून झालेलें आहे, आणि त्यांतील बरेंचसें निरक्षरांच्या तोंडून झालेलें आहे.

पेशवाईंतील पंतोजीची शाळा आठवावी. तिला इमारत नसे. एखाद्या सुखवस्तु गृहस्थाच्या ओसरीवर, देवळाच्या सोप्यांत किंवा झाडाखालीं ती भरे. छापील पुस्तक नव्हतेंच. लांकडाच्या पाटीवर बारीक धूळ पसरावयाची, तिच्यावर काडीनें किंवा बोटानें अक्षर काढावयाचें, आणि चुकलें तर हातानें पुसून पुन्हां धूळ सारखी करावयाची. याचें नांव धुळाक्षरें. कागद मोलाचा होता, धूळ फुकट होती. आणि चूक पुसली गेली म्हणजे तिची खूणही मागें राहत नसे, हा तिचा मोठाच गुण होता. त्या काळीं शिकलेल्या मुलाला मोडी वाचतां यावी, हिशेब करतां यावा आणि पाढे मुखोद्गत असावे, एवढीच सामान्यतः अपेक्षा असे.

पण त्या शाळेचा अर्धा भाग संध्याकाळीं घरीं भरत असे, ही गोष्ट सहसा ध्यानांत घेतली जात नाहीं. दिवेलागण झाली कीं मुलें देवापुढें बसत आणि परवचा म्हणत. श्लोक झाले कीं पाढे, पाढे झाले कीं पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी आणि औटकी. परवचा म्हणवून घेणारें माणूस पुष्कळदां घरांतील आजी किंवा आई असे. तिला अक्षरओळख नसली, तरी वर्षानुवर्षें ऐकून सारें कानांत भरलेलें असे, आणि मूल कोठें अडखळलें तें तिला तत्काळ कळे. या अपूर्णांकांच्या पाढ्यांना त्या काळच्या व्यवहारांत खरा अर्थ होता. रुपयाचे आणे सोळा, मणाचे शेर चाळीस. दीड शेर तूप किंवा सव्वा रुपया यांचा हिशेब बाजारांत उभ्याउभ्यां करावा लागे. जें संध्याकाळीं म्हटलें, तें सकाळीं वाण्याच्या दुकानांत उपयोगी पडे. म्हणूनच तें टिकलें.

धुळींत अक्षर गिरविण्याची ही रीत हिंदुस्थानांत अनेक ठिकाणीं होती, आणि तिचा प्रवास विलायतेपर्यंत झाला. मद्रासेजवळ एग्मोर येथें लष्करी अनाथ मुलांची एक शाळा अँड्र्यू बेल नांवाचा पाद्री चालवीत होता. देशी शाळेंत मुलें वाळूंत अक्षरें काढतात हें त्यानें पाहिलें आणि आपल्या शाळेंत ती रीत सुरू केली. थोड्या शिकलेल्या मुलानें त्याहून लहान मुलास शिकवावें, ही पद्धतिही त्यानें तेथें वापरली. १७९७ मध्यें त्यानें लंडनमध्यें यावर पुस्तक छापलें, आणि पुढें इंग्लंडांतील गोरगरिबांच्या शाळांत ‘मद्रास पद्धति’ म्हणून तिचा मोठा प्रसार झाला. ज्या साधनाला येथील साहेबी डोळे दरिद्री समजत होते, तेंच तिकडे नवें शास्त्र म्हणून गेलें.

परंतु या जुन्या व्यवस्थेचें गुणगान करतांना तिच्यांतील उणीव झांकून चालणार नाहीं. पंतोजीच्या ओसरीवर बहुतेक ब्राह्मण, व्यापारी व कुळकर्ण्यांचीं मुलें बसत. मुलींना तेथें जागा नव्हती, अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलांना तर ओसरीची पायरीही मोकळी नव्हती. परवचाही सगळ्याच घरांत होत नसे. मग या उरलेल्या घरांत शिक्षण नव्हतें काय? अक्षराचें नव्हतें, पण भाषेचें, गणनेचें आणि निरीक्षणाचें होतें. जात्यावर बसलेली बाई ओवी रचीत असे. शेतकऱ्याचें पोर नक्षत्रांवरून पाऊस ओळखीत असे. गुराखी आपल्या शंभर गुरांपैकीं कोणतें हरवलें तें न मोजतां सांगत असे. खानदेशांत बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) शेतांत आणि घरांत काम करतां करतां कविता रचीत गेल्या. त्यांना लिहितां-वाचतां येत नव्हतें. त्यांच्या मुलानें व आप्तांनीं टिपून ठेवलेल्या त्या रचना १९५२ मध्यें छापून निघाल्या, तेव्हां विद्वानांनींही मान डोलविली. निरक्षर आईजवळ शिकविण्यासारखें कांहीं नसतें, या समजुतीला याहून चोख उत्तर देतां येणार नाहीं.

मग घर आणि शाळा यांची ताटातूट झाली कधीं? १८५४ च्या वुड साहेबाच्या खलित्यानंतर १८५५ मध्यें मुंबई इलाख्यांत शिक्षणखातें स्थापन झालें. इयत्ता ठरल्या, परीक्षा ठरल्या, तपासणीचे साहेब आले, मेजर कँडी यांच्या देखरेखीखालीं मराठी क्रमिक पुस्तकें तयार झालीं. या व्यवस्थेनें मोठें काम केलें यांत संशय नाहीं. पंतोजीनें ज्यांना दाराबाहेर ठेवलें, त्यांना निदान कायद्यानें तरी आंत येतां येऊं लागलें. पण त्याचबरोबर शिक्षण म्हणजे पुस्तकांत आहे तेवढेंच, अशी समजूतही रुजली. मूल घरून काय घेऊन येतें याला परीक्षेंत गुण नव्हते, म्हणून त्याला किंमतही राहिली नाहीं. पुढें १ एप्रिल १९५७ रोजीं दशमान नाणीं आलीं, पाठोपाठ किलो आणि मीटर आले, आणि पावकी-निमकीचा बाजारांतला उपयोगच संपला. आजीजवळचें गणित एकाएकीं जुनें झालें. तिच्या जागीं घरांतील कोणतें गणित घ्यावयाचें, याचा विचार मात्र कोणी केला नाहीं.

असा विचार त्यापूर्वीं झालाच नव्हता असें नाहीं. १८८२ मध्यें हंटर कमिशनापुढें जोतीराव फुले यांनीं जें निवेदन केलें, त्यांत प्राथमिक शिक्षण सक्तीचें करावें या मागणीबरोबरच तें कसलें असावें हेंही सांगितलें होतें. मोडी व बाळबोध लेखनवाचन, हिशेब, आरोग्याचे व नीतीचे साधे पाठ यांबरोबर शेतीचें प्राथमिक ज्ञान मुलांना मिळावें, असा त्यांचा आग्रह होता. शेतकऱ्याच्या मुलाला शाळेंत गेल्यावर आपलें घर परकें वाटूं नये, ही दृष्टि त्यामागें स्पष्ट दिसते. सक्तीच्या शिक्षणाचें विधेयक नामदार गोखले यांनीं १९११ मध्यें वरिष्ठ कायदेमंडळांत मांडलें, पण तें संमत झालें नाहीं. मध्यप्रांताचा प्राथमिक शिक्षणाचा कायदा १९२० मध्यें झाला. चांद्याच्या अरण्यांत त्याची छाया पोंचण्यास फार काळ लागला.

शहरांतील सुशिक्षित घरांनीं या मधल्या काळांत घराला शाळा बनविण्याचे कांहीं थोर प्रयोग केले. स्त्रियांना शाळेंत पाठविणें निंद्य समजलें जाई, तेव्हां न्यायमूर्ति रानडे यांनीं पत्नीला घरींच शिकविण्यास आरंभ केला. त्यासाठीं रमाबाईंना घरांतील वडील बायकांचा केवढा रोष सोसावा लागला, हें त्यांच्या १९१० मधील आठवणींच्या पुस्तकांत वाचावयास मिळतें. हे प्रयोग धैर्याचे खरेच. पण त्यांत शिकविणारा साक्षर होता आणि शिकणारी त्याच घरांतली होती. ज्या घरांत कोणीच साक्षर नाहीं तेथें काय करावें, हा प्रश्न तसाच उरला.

या प्रश्नाकडे युरोपांत फार पूर्वीं एका निर्वासितानें लक्ष वेधलें होतें. मोराव्हियांतून धर्मच्छळामुळें परागंदा झालेल्या कोमेनियसनें लहान मुलांच्या घरगुती शिक्षणावर एक पुस्तक लिहिलें, तें १६३३ मध्यें जर्मन भाषेंत छापलें गेलें. आईची मांडी ही मुलाची पहिली शाळा आहे, आणि ऊन-थंड, जड-हलकें, जवळ-दूर, काल-आज हे सर्व विज्ञानाचे व इतिहासाचे पहिले धडे तेथेंच होतात, असें त्याचें म्हणणें होतें. ज्याचें घरदार सुटलें होतें, त्यालाच घराची ही योग्यता कळावी, यांत नवल नाहीं. स्वित्झर्लंडांतील पेस्टालॉझीनें १८०१ मधील आपल्या ग्रंथाला गर्ट्रूड नांवाच्या एका साध्या खेडवळ आईचेंच नांव दिलें. आणि ६ जानेवारी १९०७ रोजीं मादाम माँटेसरींनीं रोममधील सान लोरेंझो या गरीब वस्तींत जी पहिली बालशाळा उघडली, ती कामकऱ्यांच्या चाळींतच होती. तिचें नांवही ‘मुलांचें घर’ असें ठेवण्यांत आलें.

माँटेसरींची ही दृष्टि गुजराथेंत भावनगरला गिजुभाई बधेका यांनीं आणि त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या ताराबाई मोडक यांनीं आपलीशी केली. १९२६ मध्यें नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. माँटेसरींचीं साधनें सुंदर, पण महाग. शहरांतील बालमंदिरांना तीं परवडलीं, खेड्याला परवडण्याजोगीं नव्हतीं. १९४५ मध्यें ताराबाईंनीं ठाणें जिल्ह्यांतील बोर्डी येथें काम सुरू केलें, आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. तेथें रंगीत लांकडी ठोकळ्यांच्या जागीं दगडगोटे, शिंपले, बिया, पानें आणि मातीचीं भांडीं आलीं. शिस्त तीच, साधनें मात्र अंगणांतलीं.

पुढचा धडा त्यांना मुलांनीं शिकविला. बालवाडी उघडी असूनही पाड्यावरचीं मुलें येत ना. तेव्हां मुलें येत नाहींत तर शाळेनेंच मुलांकडे जावें, असें ठरलें, आणि शिक्षिका पाड्यावर जाऊन एखाद्या झोपडीपुढील अंगणांत मुलें जमवूं लागल्या. अंगणवाडी ती हीच. केंद्र सरकारनें २ ऑक्टोबर १९७५ रोजीं बालविकासाची योजना सुरू केली, तेव्हां तिच्या गांवोगांवच्या केंद्रांना हेंच नांव मिळालें. १९५७ मध्यें काम डहाणूजवळ कोसबादच्या टेकडीवर गेलें. तेथील वारली मुलें दिवसभर गुरें राखीत. त्यांच्यासाठीं कुरणशाळा निघाली, म्हणजे गुरें चरतील तेथें शाळा. थोरल्या बहिणी धाकट्या भावंडांना सांभाळण्यासाठीं घरीं राहत, म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारांत आणलीं. घराची अडचण ही मुलाची सबब नसून शाळेच्या वेळापत्रकाचा भाग आहे, एवढें मान्य केल्याबरोबर मार्ग निघाला.

विदर्भांतही याच सुमारास असाच विचार चालला होता. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजीं वर्धा येथें गांधीजींच्या अध्यक्षतेखालीं शिक्षणपरिषद भरली आणि नयी तालीमचा पाया घातला गेला. हस्तव्यवसायांतून शिक्षण हें तिचें सूत्र सर्वांस ठाऊक आहे. परंतु १९४५ च्या सेवाग्राम येथील परिषदेनंतर तिची कक्षा शाळेपलीकडे वाढविण्यांत आली, आणि बाळाच्या शिक्षणाबरोबर आईबापांच्या शिक्षणाचाही तींत समावेश झाला, हें कमी लोकांच्या लक्षांत आहे. मुलाला स्वच्छ राहावयास शिकवावयाचें तर विहिरीवर आईलाही बोलावलें पाहिजे, असा तो साधा हिशेब होता.

बोर्डी, कोसबाद आणि सेवाग्राम यांनीं साधनांचा प्रश्न सोडविला, वेळेचा सोडविला. भाषेचा प्रश्न मात्र गडचिरोलीच्या अरण्यांत सर्वांत बिकट होऊन उभा राहतो. याच जिल्ह्यांत भामरागडकडे हेमलकसा येथें बाबा आमटे यांनीं २३ डिसेंबर १९७३ रोजीं लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, आणि १९७६ मध्यें तेथें शाळा निघाली. तेथें येणारें मूल माडिया बोलणारें, आणि पुस्तक मराठी. गुरुजींची भाषा मुलाला कळत नाहीं, मुलाची गुरुजींना कळत नाहीं, आणि मग दोघेही एकमेकांना मंद समजतात. मुलचेऱ्यांत हाच प्रश्न चार भाषांनीं गुणून येतो. बंगाली घरांतील मूल आजोबांच्या जुन्या वहींत चाराचा आंकडा पाहतें, तो त्याला इंग्रजी आठासारखा दिसतो. त्यानें गोंधळावें यांत त्याचा दोष कोणता?

कायदा या बाबतींत मुलाच्या बाजूचा आहे. १९५६ मध्यें घटनेंत ३५०-अ हें कलम घालण्यांत आलें. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेंतून मिळण्याची सोय करण्याचा प्रयत्न राज्यानें करावा, असें तें सांगतें. युनेस्कोच्या तज्ज्ञांनीं १९५३ मध्यें हेंच म्हटलें होतें, आणि २०२० च्या राष्ट्रीय शिक्षणधोरणानेंही शक्य तेथें निदान पांचव्या इयत्तेपर्यंत घरची भाषा माध्यम असावी, असें नमूद केलें. पण कागदावरील कलम आणि एकशिक्षकी वर्ग यांच्यामध्यें मोठें अरण्य आहे. चार भाषा येणारा शिक्षक प्रत्येक गांवाला मिळणें कठीण. चार भाषा बोलणारीं घरें मात्र प्रत्येक आळींत आहेत.

२०२० मधील प्रयोगाचें महत्त्व येथें कळतें. त्या वर्षीच्या उन्हाळ्यांत नागपूर विभागाचें प्रशासन, ‘प्रथम’ ही शिक्षणसंस्था आणि आकाशवाणीचें नागपूर केंद्र यांनीं मिळून ‘शाळेबाहेरची शाळा’ हा कार्यक्रम सुरू केला. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली हे विभागाचे सहा जिल्हे. नागपूर केंद्र १६ जुलै १९४८ रोजीं सुरू झालेलें. त्याचा आवाज या मुलखाला नवा नव्हता. नभोवाणीवरून शाळा चालविणें हेंही जगाला नवें नव्हतें. ऑस्ट्रेलियांत ॲलिस स्प्रिंग्ज येथून ८ जून १९५१ रोजीं निर्जन कुरणांवरील एकट्यादुकट्या मुलांसाठीं हवेंतील शाळा सुरू झाली होती, आणि तेथेंही मुलाशेजारीं बसणारी आई हीच खरी शिक्षिका होती. नागपूरच्या कार्यक्रमांत गोष्टी, गाणीं, खेळ आणि घरच्या घरीं करावयाच्या लहान लहान कृति असत. कृति मुलानें एकट्यानें करावयाची नसून घरांतल्या माणसांबरोबर करावयाची, हा त्यांतील मुख्य भाग होता. परवचा म्हणतांना जें नातें होतें, तेंच येथें पुन्हां जोडलें गेलें. फक्त समईच्या जागीं नभोवाणीचें यंत्र आलें.

या घरगुती कृतींचें मर्म काय, हें मुलचेऱ्याच्याच व्यवहारावरून पाहतां येईल. उन्हाळ्यांत तेंदूपानांचा हंगाम येतो. घरदार पहांटे जंगलांत जातें, दुपारीं ओसरींत बसून पानांचे पुडे बांधतें, आणि संध्याकाळीं ते ‘फळी’वर, म्हणजे खरेदीच्या जागीं, मोजून देतें. एका पुड्यांत सत्तर पानें असतात. आईच्या शेजारीं बसून पांच वर्षांच्या मुलानें दहा-दहा पानांचे सात ढीग केले, तर ‘सात दाहे सत्तर’ हें त्याला पाढ्यांतून येण्यापूर्वीं हातांतून येतें. आठ वर्षांच्या बहिणीला विचारावें : दहा पुड्यांत पानें किती? शंभर पुड्यांत किती? फळीवर आज किती पुडे लिहिले, आणि घरून निघतांना आपण किती मोजले होते? हा शेवटचा प्रश्न नुसत्या गणिताचा नाहीं. ज्या घराला आपला हिशेब करतां येतो, त्याला सहसा कोणी फसवीत नाहीं. मुलाला कामाला जुंपावें असा याचा अर्थ नव्हे. काम मोठ्यांचेंच, मोजदाद मात्र मुलाची.

बाकीच्या कृतिही अशाच साध्या. सुपांत मिसळलेले चिंचोके, मोहाच्या बिया आणि खडे रंगानें, आकारानें व वजनानें वेगळे करावयाचे. अंगणांत सकाळीं, दुपारीं आणि संध्याकाळीं खांबाची सावली पावलांनीं मोजून खूण करावयाची. शेणानें सारवलेल्या जमिनीवर राखेनें आपल्या घरापासून विहिरीपर्यंतचा नकाशा काढावयाचा. आजोबांना त्यांच्या लहानपणची एक गोष्ट विचारावयाची आणि ती दुसऱ्या दिवशीं शेजाऱ्याच्या मुलाला आपल्या शब्दांत सांगावयाची. आणि मुलचेऱ्यासाठीं सर्वांत मोलाची कृति ही कीं, घरांतील एका वस्तूचें नांव आळींतील जितक्या भाषांत मिळेल तितक्या भाषांत गोळा करावयाचें. ज्या मुलानें पाणी, जल, नीळ्ळु आणि येर हे चारही शब्द घरोघर जाऊन आणले, त्याला मराठी पुस्तकांतला ‘पाणी’ परका वाटत नाहीं. शिवाय बंगाली आजी, गोंड मावशी आणि तेलुगू काका या तिघांनाही त्या दिवशीं आपण शिक्षक झाल्याचा अनुभव येतो.

यांतील एकाही कृतीला पैसा लागत नाहीं, आणि एकीलाही साक्षर आई लागत नाहीं. लागतें तें एवढेंच कीं मोठ्या माणसानें थोडा वेळ मुलाशेजारीं बसावें, त्याला प्रश्न विचारावा, आणि उत्तर येईपर्यंत थांबावें. जुन्या परवच्याचें सामर्थ्य श्लोकांइतकेंच या शेजारीं बसण्यांत होतें. त्यांतील उणीव ही होती कीं त्यांत पाठांतर फार आणि विचारणें थोडें होतें. ती उणीव या नव्या कृति भरून काढतात.

तथापि या विचाराचा कोणी गैरवापरही करूं शकेल, आणि तो धोका लहान नाहीं. घर शिकवूं शकतें, म्हणून शिक्षक नेमला नाहीं तरी चालेल, असें एखादें सरकार म्हणूं लागलें, तर तो फुले-गोखल्यांच्या साऱ्या खटपटीवर बोळा फिरविणें होईल. साथीच्या काळानें घराची शक्ति दाखविली, तशीच मर्यादाही दाखविली. सर्वत्र नभोवाणीचें यंत्र नव्हतें, दूरध्वनीची लहर अरण्यांत सर्वत्र पोंचत नव्हती, आणि शाळा बंद असतां मुलगी घरकामाला व मुलगा रानांत जाण्याचा मोह गरिबींत पडतोच. लिहिणें-वाचणें हें अखेर शिकलेल्या माणसाकडूनच यावें लागतें. घरानें शाळेची जागा घ्यावी असें इतिहास सांगत नाहीं. शाळेनें घराला दाराबाहेर ठेवलें तेव्हां तेव्हां तिनें नेमकीं तींच मुलें गमावलीं ज्यांना तिची गरज अधिक होती, एवढें मात्र तो स्पष्ट सांगतो.

शहरांतील सुशिक्षित कुटुंबांनीं हा वृत्तांत दूरच्या अरण्याचा म्हणून बाजूस सारूं नये. त्यांच्या घरीं पुस्तकांचीं कपाटें आहेत, पण परवच्याची घटका गेली ती गेलीच, आणि तिच्या जागीं बहुधा शिकवणीचा वर्ग आला. मुलाशेजारीं बसून डाळ-तांदूळ मोजावे, बाजारहाटाचा हिशेब त्याच्याकडून करवून घ्यावा, आजीच्या गांवची बोली त्याच्या कानांवर पडूं द्यावी, यासाठीं त्यांना कोणत्याही टाळेबंदीची वाट पाहावयास नको. आणि शाळांनीं करावयाचें तर तेंही फारसें अवघड नाहीं. पहिलीच्या वर्गांत पहिल्या दिवशीं येणाऱ्या मुलाला, मग तें मुलचेऱ्यांतलें असो कीं मुंबईंतलें, ‘तुला काय येतें?’ असें विचारण्याऐवजीं गुरुजींनीं ‘तुमच्या घरीं काय काय मोजतात?’ असें विचारून पाहावें. पहिल्या प्रश्नाला तें मूल बहुधा गप्प राहील. दुसऱ्याला त्याच्याजवळ सांगण्यासारखें पुष्कळ असेल.